बिनखांबी हॉल

माझ्या नोकरीबद्दल आमच्या नातेवाइकांत दोन तट आहेत. एकांना वाटतं, मी गावोगावच्या हॉटेलांत फुकट जेवत हिंडते. दुसऱ्यांना वाटतं, एवढी शिकून पुण्यात गेली आणि शेवटी हिला चौकात उभं राहायचं काम मिळालं. दुसऱ्यांचं म्हणणं जास्त खरं आहे. नवी दुकानं आणि हॉटेलं काढणाऱ्या मोठ्या कंपन्या आमच्याकडे येतात आणि विचारतात, अमुक शहरात आमचं चालेल का? मग आमच्यातलं कुणीतरी त्या शहरात जातं, चार दिवस राहतं आणि परत येऊन हो किंवा नाही सांगतं. ते जाणारं माणूस म्हणजे मी.

ऑफिसातले बाकीचे संगणकावर नकाशे रंगवत बसतात. माझी पद्धत वेगळी आहे आणि ती मला कुणी शिकवलेली नाही. नव्या वस्तीत गेले की मी आधी वर बघते. गॅलरीतल्या दोऱ्यांवर काय वाळत घातलंय ते बघते. शाळेचे गणवेश असतील तर तिथं पिझ्झा खपतो, वाढदिवसाचे केक खपतात. नोकरी करणाऱ्या पोरींचे कुर्ते आणि जीन्स असतील तर कॉफी खपते. नुसते लेंगे, बनियन आणि गाऊन दिसायला लागले की माझा उत्साह तिथंच मावळतो. मग मी जवळच्या औषधाच्या दुकानात जाते, डोकेदुखीची गोळी मागते आणि काउंटरवर पुढे काय मांडलंय ते बघून घेते. बाळांचे डायपर पुढे आहेत की म्हाताऱ्या माणसांचे, एवढ्यावरून मला निम्मं शहर कळतं. नकाशेवाले मला हसतात, पण साहेब शेवटी मलाच विचारतात.

एका हॉटेलवाल्या कंपनीच्या मनात सोलापूर आलं तेव्हा साहेब म्हणाले, तुझंच गाव आहे, तूच जा. पिझ्झा, कॉफी, केक, आत गार हवा आणि भिंतीवर इंग्रजी वाक्यं, अशा थाटाचं ते हॉटेल. आजवर मी कितीतरी शहरांना नाही म्हणून आले आणि त्याची मला कधी खंत वाटली नाही. नाही म्हणायचं, रेल्वेत बसायचं आणि घरी येऊन झोपायचं. पण या वेळी मला हो म्हणायचं होतं. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आईवडील गेल्यापासून ताईचं घर हेच माझं माहेर. ती जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वस्तीत, राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले. मूळचे अक्कलकोटकडचे. पाढे कन्नडात म्हणतात, भांडण मराठीत करतात आणि मनाला फार लागलं की परत कन्नडात बोलतात. मेहुणीची थट्टा करायचा हक्क त्यांनी अजून सोडलेला नाही. माझी पोर कॉलेजात गेली तरी मी त्यांना मेहुणीबाईच.

दाजींचा प्लॉट कोपऱ्यावरचा आहे. निवृत्त झाल्यावर हातात जे आलं ते सगळं घालून त्यांनी घराला लागून, रस्त्याच्या बाजूला, एक मोठा हॉल बांधला. गाळे नव्हेत. गाळे सगळेच काढतात, एकात झेरॉक्स, एकात ब्युटी पार्लर, एकात दूध डेअरी. दाजींनी एकच सलग हॉल काढला, उंच, पुढून सगळी काच, आणि मध्ये एकही खांब नाही. मोठ्या हॉटेलवाल्यांना मध्ये खांब चालत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मिस्त्री नको म्हणत होता, फार लोखंड जाईल म्हणत होता, पण दाजी हट्टाला पेटले होते. तो बिनखांबी हॉल बांधून झाला आणि तसाच रिकामा राहिला. शिकवणीवाला मागायला आला, किराणावाल्याला गोदामासाठी हवा होता, मंडपवाल्याला भांडी ठेवायला हवा होता. दाजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. काचेतून ऊन येतं म्हणून ताई उन्हाळ्यात त्यात कुरडया वाळत घालायची आणि दाजी रोज म्हणायचे, फरशीला डाग पडतील.

हे सगळं कशासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांना एकच मुलगा, तो पुण्यात कंपनीत आहे. कोरोनात तो घरी आला आणि वरच्या खोलीत बसून काम करायला लागला. दाजी मला फोनवर म्हणायचे, लोकांचं वाईट झालं हे खरं, पण आमच्या घरात रोज दिवाळी आहे. मग कंपनीनं परत बोलावलं आणि तो गेला. दाजी दर रविवारी फोनवर त्याला विचारायचे, घरून काम मिळतं का बघ की, तुझी खोली तशीच ठेवली आहे. एका रविवारी तो कंटाळून म्हणाला, "अप्पा, तिथं संध्याकाळी जायचं कुठं?"

मास्तर माणूस. उदाहरणात काय कमी आहे ते कळलं, आता तेवढं मांडलं की उत्तर येणार, असं त्यांना वाटलं असावं. संध्याकाळी जायला जागा नाही ना, मग ती जागा आपल्याच दारात आणू. मोठं हॉटेल येईल, त्याच्यामागून दुसरं येईल, चार दुकानं येतील, रस्ता उजळेल आणि पोरगा परत येईल. ताईनं एकदा मला हळूच सांगितलं की त्याची वरची खोली ते अजून स्वतः झाडतात.

तर मी सोलापूरला आले ती कंपनीच्या कामाला, पण दाजींच्या लेखी मी हॉल बघायला आले होते. मी रिक्षातून उतरले तेव्हा ते स्टुलावर चढून वर्तमानपत्रानं काच पुसत होते. चहा झाल्या झाल्या त्यांनी मला आत नेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. इथं काउंटर, इथं खुर्च्या, इथं पोरापोरींना फोटो काढायला जागा. बोललं की आवाज घुमत होता. मी टेप लावून मापं घेतली, ती त्यांनी मला दोनदा घ्यायला लावली. हॉल खरोखर चांगला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या धंद्यातली खरी परीक्षा. ऊन उतरल्यावर मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. दिवे लागले तरी रस्त्यावर माणूस नाही. एखादी दुचाकी यायची, तीही घाईघाईत, आणि फाटकातून आत शिरायची. भेळेच्या गाडीवाला मोबाइल बघत बसला होता. घराघरातून मोटरची घरघर ऐकू येत होती. कुठं अंगण धुणं चाललं होतं, कुठं कुणी पिंप घासत होतं. मी हे सगळं बघितलं आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शनिवारी एवढा शुकशुकाट असेल तर कंपनीला कुठल्या तोंडानं हो म्हणायचं, या विचारानं मन खट्टू झालं.

तेवढ्यात दाजी आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात नळी, अंगावर पाणी उडालेलं. माझा चेहरा बघून ते कावरेबावरे झाले.

"आज पाणी हाय की, मेहुणीबाई," ते म्हणाले. "आज कोण भाईर पडतंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि ज्या भागात ज्या दिवशी येतं तिथं त्या दिवशी घरात लग्न असलं तरी एक माणूस मागं राहतं. हौद, टाकी, पिंपं, घागरी, गाडी धुणं, गोधड्या धुणं, सगळं त्या दोन-तीन तासांत. त्या संध्याकाळी जो हॉटेलात जाऊन बसेल तो पुढं शेजाऱ्याच्या दारात बादली घेऊन उभा राहील. मी याच गावात लहानाची मोठी झाले. पाणी आलं म्हणून शाळेला दांडी मारली, घागरीवरून मैत्रिणीशी अबोला धरला. आणि मी पाण्याच्या दिवशी गर्दी मोजायला उभी राहिले. परक्या गावी असते तर आधी चौकशी केली असती. इथं केली नाही, कारण आपलंच गाव, आपल्याला काय माहीत नाही.

ताईला हे कळलं तेव्हा ती हसून हसून दमली. पुण्याची झालीस गं तू आता, म्हणाली. मीही हसले, पण ते मला लागलं.

रविवारी पाणी नव्हतं. संध्याकाळी माणसं खरंच बाहेर पडली आणि दाजी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. रस्त्यानं कुणी गेलं की ते माझ्याकडे बघायचे, मी मोजणीत धरलं ना याची खात्री करायला. मी धरत होते. पण मला जे दिसत होतं ते त्यांना कसं सांगायचं ते कळत नव्हतं. जोडप्यांमागून जोडपी येत होती आणि सगळी साठीच्या पुढची. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या बायका, हातात बॅटरी घेतलेले पुरुष. चालता चालता फोन चालू होते आणि बोलणं सगळीकडं एकच, जेवलास का, बाळाचा खोकला कसा आहे, आता कधी येताय. बागेपर्यंत जायचं, बाकावर टेकायचं आणि परत फिरायचं. जाताना सगळे दाजींना नमस्कार घालत होते. दाजी एकेकाची ओळख करून देत होते आणि प्रत्येकाच्या ओळखीत त्याचा मुलगा कुठं आहे तेही येत होतं. हिंजवडी, खराडी, बंगळूर, एक कॅनडा.

मग मी गॅलऱ्या बघितल्या. लेंगे, बनियन, गाऊन. औषधाच्या दुकानात म्हाताऱ्यांचे डायपर दाराशीच मांडलेले होते, बाळांचे मागच्या फळीवर होते आणि त्यांवर धूळ बसली होती. चौकात जाहिरातीचा मोठा फलक होता, त्यावर बारा मजली इमारत, निळा पोहण्याचा तलाव आणि खाली पत्ता पुण्याचा. डोकेदुखीची गोळी मी त्या दिवशी खरोखर घेतली.

जवळच एक हॉटेल बंद पडलेलं दिसलं. दाजींनीच सांगितलं, उघडलं तेव्हा फुगे लावले होते, बसायला जागा मिळत नव्हती, पार होटगी रोडवरनं लोक येत होते. नव्याचे नऊ दिवस. मग लोक म्हणायला लागले, एवढ्या पैशांत घरी आठवडाभर भाकरी आणि शेंगाची चटणी होते. मालकानं बोर्ड काढून नेला होता आणि अक्षरांच्या जागी भिंत तेवढी पांढरी राहिली होती. हे सांगता सांगता आपण भलतंच बोलून गेलो हे दाजींच्या लक्षात आलं, आणि ते घाईनं म्हणाले, त्याच्या हॉलमध्ये खांब होते.

जेवताना मी विषय काढायच्या आत त्यांनीच काढला. हे दिवसच बरोबर नाहीत, म्हणाले. पितृपक्षात कोण हॉटेलात जातं? दिवाळीत ये आणि मग बघ काय गर्दी असते. ताई मान खाली घालून भाकरी मोडत होती. मी म्हटलं, येते. निकाल लांबवायला मलाही निमित्त हवंच होतं.

दिवाळीत मी यजमानांना आणि पोरीला घेऊन गाडीनं गेले, आणि दाजींचं म्हणणं खरं ठरलं. संध्याकाळी त्या कोपऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आइस्क्रीमच्या दुकानापुढची रांग रस्त्यावर आली होती. भेळवाल्यानं मदतीला बायकोला उभं केलं होतं. जीन्समधल्या पोरी, कडेवर बाळं, पैठणीवर स्मार्ट घड्याळ बांधलेल्या सुना. पोरं मोबाइलवर जवळपास कॉफी कुठं मिळते ते शोधत होती आणि दाजींच्या काचेच्या हॉलपुढं थांबून विचारत होती, काका, इथं काय होणार आहे? दाजी सांगायचे, हॉटेल, मोठं. त्यांनी आतले सगळे दिवे लावून ठेवले होते, दाराला झेंडूचं तोरण बांधलं होतं. इतका सुखी माणूस मी त्या दिवाळीत दुसरा बघितला नाही.

"आता धर की," ते मला म्हणाले. "आता कुणाला सोडू नगंस."

मी गाड्यांकडे बघत होते. सोलापूरच्या गाडीचा नंबर एमएच तेरानं सुरू होतो. रस्त्याच्या कडेनं लावलेल्या गाड्या ओळीनं एमएच बारा, एमएच चौदा, परत बारा. म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, परत पुणे. मधूनच एखादी कर्नाटकाची, एखादी मुंबईची. तेरा नंबरची दिसली ती दूधवाल्याची. ज्यांना मी मोजायला उभी होते ती सगळी पाहुणी होती आणि भाऊबीज झाली की जाणार होती. त्या ओळीत आमचीही गाडी होती, तिचाही नंबर बाराच.

दाजी बोलता बोलता थांबले. मी कुठं बघतेय ते त्यांनी बघितलं आणि तेही त्या ओळीकडे बघत राहिले. पाटी वाचायला मास्तरांना वेळ लागत नाही. थोड्या वेळानं ते उठले, उगीच वीज जळतेय म्हणाले, आणि आत जाऊन निम्मे दिवे बंद करून आले.

दुसऱ्या दिवशी फराळ झाल्यावर भाचा मला म्हणाला, मावशी, जरा हॉलमध्ये चल. आम्ही दोघं फरशीवर भिंतीला टेकून बसलो. कंपनीला काय सांगणार आहेस, त्यानं विचारलं. अजून ठरलं नाही, मी म्हटलं. तो बराच वेळ फरशीवरच्या कुरडईच्या डागावरून बोट फिरवत राहिला.

"मी कॉफीसाठी पुण्यात राहत नाही गं, मावशी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याचं काम तिथं, मित्र तिथं, जिच्याशी लग्न करायचंय ती मुलगीही तिथलीच आणि ती काही इकडे यायची नाही. संध्याकाळी जायचं कुठं, हे तो त्या रविवारी फोन ठेवायला मिळावा म्हणून बोलला होता. तेवढ्या वाक्यावर अप्पा हॉल बांधतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पाया खणला तेव्हा सांगायला हवं होतं, म्हणाला. मग स्लॅब पडला, मग काच बसली, आणि दर वेळी सांगणं जास्त अवघड होत गेलं. मी म्हटलं, मग आता सांग. त्यानं मान हलवली.

"तू कंपनीला नाहीच म्हण. हॉटेल आलं नाही म्हणून मी आलो नाही, असं तरी त्यांना वाटत राहील. हॉटेल आलं आणि तरी मी आलो नाही, तर त्यांनी काय समजायचं?"

मला त्याचा राग आला, पण रागवायला मला तोंड नव्हतं. मी तरी कुठं परत आले होते? आई शेवटच्या दिवसांत म्हणायची, दोन महिने येऊन राहा, आणि मी म्हणायचे, बघते. आणि पोरगा वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो दर महिन्याला येतो, आईला डॉक्टरकडे नेतो, बापाच्या मोबाइलमधले बिघाड दुरुस्त करतो आणि रविवारी जातो. त्याच्या बाजूनं सगळं बरोबर होतं आणि दाजींच्याही बाजूनं बरोबर होतं, आणि अशा ठिकाणी मधल्या माणसाला काही करता येत नाही.

पुण्याला जाऊन मी नाही लिहिलं. भाच्यानं सांगितलं म्हणून नव्हे. माझ्या धंद्यात दुसरं काही लिहिता येत नव्हतं. दिवाळी आणि मे महिना सोडला तर त्या वस्तीत पिझ्झा खाणारं माणूस उरत नाही, हे मी सभ्य भाषेत मांडलं. साहेबांनी वाचलं, बरोबर आहे म्हणाले, आणि मला पुढच्या शहराचं नाव सांगितलं. माझं गाव एवढ्यात आटोपलं. त्या दिवशी घरी आल्यावर स्वयंपाकघरात कांदा चिरताना मी पोटभर रडून घेतलं, कांद्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

दाजींना मीच फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, मग तुझ्या अभ्यासाप्रमाणं हितं चालंल तरी काय? आणि मी, चार दिलाशाचे शब्द बोलायच्या ऐवजी, ऑफिसात बसल्यासारखं उत्तर दिलं. म्हटलं, औषधाचं दुकान चालेल, पण ते आहेच. दुसरं म्हणजे ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालेल, पुण्याला जाणारी गर्दी तेवढी कधी कमी होत नाही. ते नुसते हं म्हणाले आणि फोन ताईकडे दिला.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली तेव्हा मी परत गेले. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिच्याजवळ चार दिवस राहायचं होतं. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि मी बघतच राहिले. हॉलवर लाल अक्षरांत ट्रॅव्हल्सचा बोर्ड लागला होता. काचेवर मोठ्या अक्षरांत पुणे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत बाकीची गावं. आत स्टीलच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. मध्ये खांब नसल्यामुळे कुठंही बसलं तरी बस आलेली दिसते, म्हणून ट्रॅव्हल्सवाला फार खूश होता. दाजींनी मला मुद्दाम आत नेऊन ते दाखवलं. त्यांचा चेहरा बघायचा मी टाळला.

रविवारी उन्हं कलल्यावर कोपरा भरायला लागला. दिवाळीत झाली होती तशी गर्दी, आणि आता ती दर रविवारी. पाठीवर सॅक, हातात पिशव्या, पिशव्यांत कडक भाकऱ्यांचे गठ्ठे आणि चटणीचे डबे. कुणाला वडील सोडायला आलेले, कुणाला दोघंही. दाजींनी घरातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर आणून मांडल्या होत्या, प्यायच्या पाण्याचा माठ भरून ठेवला होता. हे त्यांचं काम नव्हतं, पण ते पोरांमधून हिंडत होते, कुठल्या शाळेचा, कुणाचा तू, असं विचारत होते. एक-दोघं त्यांचे विद्यार्थी निघाले आणि वाकून पाया पडले. भाचा त्या आठवड्यात आलेला होता, आम्ही दोघं त्याच बसनं जाणार होतो. ताईनं वरच्या गॅलरीत खुर्चीवर बसूनच निरोप दिला. आता दारातच गाडी येते, चांगली सोय झाली, असं ती दोनदा म्हणाली.

भाचा बॅगा घ्यायला वर गेला तेव्हा दाजी माझ्याशेजारी येऊन बसले. समोरची गर्दी बघत म्हणाले, "कॉफीसाठी कुणी कुटं ऱ्हात न्हाई, मेहुणीबाई. एवढं कळतंय की मला."

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. कधीपासून कळत होतं ते विचारायचा मला धीर झाला नाही. मग बांधलात कशाला, एवढंच विचारलं.

"बांधताना बरं वाटत हुतं," ते म्हणाले.

भाचा बॅगा घेऊन खाली आला, बापाच्या पाया पडला, पोचल्यावर फोन करतो म्हणाला. दाजी म्हणाले, कर. बस आली, दारातच थांबली, पोरं चढायला लागली. आम्हांला हॉलच्या बाजूची खिडकी मिळाली. दाजी खाली उभे होते, आमची खिडकी शोधत होते आणि त्यांना ती अजून सापडत नव्हती.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून ताईची हाक आली, अहो, पाणी आलं. दाजींनी वर बघितलं, बसकडे बघितलं, मग वाकून पायजमा दुमडला आणि कोपऱ्यातली नळी ओढत आत गेले. सोडायला आलेली बाकीची माणसंही लगबगीनं घरांकडे वळली. मोटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि बस हलली. भाच्यानं हलवायला हात वर केला होता. दारात कुणीच नव्हतं, मग त्यानं तो तसाच खाली घेतला.